रेव्हिसचे बेट आणि उरलेले मैदान

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये एखाद्या कॉर्नरबॅकचे मोसमभर कौतुक होते, त्याला कोट्यवधी डॉलर मिळतात, पण बाद फेरीच्या सामन्यानंतर आकड्यांचा तक्ता पाहिला तर त्याच्या नावापुढे बहुतेक वेळा काहीच नसते. इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याचा पास पकडणे) नाही आणि टॅकलही (चेंडूवाल्याला पाडणे) जेमतेम दोन-तीन. मग त्याने बचावासाठी नेमके केले काय, आणि तो इतका भारी असेल तर त्याचा संघ हरतो कसा? न्यू जर्सीतल्या एका शाळेच्या संघात मी बरीच वर्षे बचावाच्या मागच्या फळीला शिकवले आहे. या काळात मोठ्या संघांच्या सामन्यांची फिल्म पुढे-मागे करून पाहण्यात माझ्या असंख्य रात्री गेल्या आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. प्रश्नाच्या दोन्ही भागांचे उत्तर एकच आहे, असे माझे मत आहे. थोर कॉर्नरबॅक पास थांबवत नाही; पास कुठे जाणार नाही एवढेच तो ठरवतो. त्यामुळे वाचलेला माणूस प्रशिक्षक कुठे खर्च करतो आणि चेंडू जिकडे वळतो तिकडे कोण उभे आहे, यावर बाद फेरीतला निकाल ठरतो.

हा खेळ नव्याने पाहणाऱ्यांसाठी आधी जागा समजून घेऊ. मैदान 160 फूट रुंद असते आणि त्याच्या दोन्ही कडांना प्रतिस्पर्ध्यांचे वेगवान रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, उभे राहतात; पास टाकतो तो क्वार्टरबॅक. त्यांच्यासमोर उभा राहणारा बचावपटू म्हणजे कॉर्नरबॅक. आपल्याकडे कबड्डीत कोपरारक्षक असतो, पण नाव जुळले तरी काम वेगळे आहे, कारण कबड्डीतल्या कोपऱ्याला शेजाऱ्याची साखळी असते. इथला कोपरा मात्र अनेकदा एकटा असतो आणि त्याला उलट्या पावली पळत अशा माणसाला रोखायचे असते, ज्याला कुठे वळायचे हे आधीपासून ठाऊक आहे. त्याच्या मागे, मैदानाच्या खोल भागात, सेफ्टी नावाचे दोन बचावपटू असतात. कॉर्नरबॅक चुकला तर सावरणारे तेच. ही जोडी नीट लक्षात ठेवावी, कारण पुढचा सगळा हिशेब कॉर्नरबॅक आणि सेफ्टी यांच्यातला आहे.

उदाहरण म्हणून मी डॅरेल रेव्हिस घेतो. पेन्सिल्व्हेनियातल्या अलिक्विपा गावचा हा मुलगा पिट्सबर्ग विद्यापीठातून 2007 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या फेरीत, चौदाव्या क्रमांकावर, न्यू यॉर्क जेट्सकडे आला आणि 2023 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. 2009 साली बॉल्टिमोरच्या बचावाचे सूत्रधार असलेले रेक्स रायन जेट्सचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यांनी रेव्हिसला एकच काम सांगितले: समोरच्या संघाचा सर्वोत्तम रिसीव्हर जिथे जाईल तिथे जायचे, डावीकडे असो वा उजवीकडे, आणि मदतीची अपेक्षा ठेवायची नाही. त्या मोसमात सर्वाधिक यार्ड मिळवणारा ह्यूस्टनचा आंद्रे जॉन्सन (एकूण 1,569) पहिल्याच सामन्यात 35 यार्डांवर थांबला. पुढच्या आठवड्यात रँडी मॉस 24 यार्डांवर, पुढे टेरेल ओवेन्स 13 यार्डांवर. रेव्हिस ज्याच्यासमोर उभा राहील तो रिसीव्हर बेटावर अडकल्यासारखा एकाकी पडतो, म्हणून ‘रेव्हिस आयलंड’ हे नाव पडले. जेट्सने सामन्यामागे सरासरी 14.8 गुण दिले आणि गुण व यार्ड या दोन्ही हिशेबांत तो लीगमधला पहिल्या क्रमांकाचा बचाव ठरला.

तो हे कसे करत असे, हे एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. त्या वर्षीची फिल्म मी मुलांना दाखवत असे तेव्हा चेंडू झाकायला सांगे आणि फक्त रेव्हिसचे पाय पाहायला लावी. स्नॅपच्या वेळी, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळी सुरू होते तेव्हा, तो रिसीव्हरपासून हातभर अंतरावर असतो, गुडघे वाकलेले, टाचा जमिनीला टेकतील न टेकतील अशा. चेंडू मागे जातो, रिसीव्हर खांद्याने हूल देतो, पायाने दुसरी हूल देतो. सोळा-सतरा वर्षांचा कोणताही मुलगा इथे पुढे झेपावतो, हात मारायला जातो आणि तोल घालवतो. रेव्हिस झेपावत नाही. आखूड पावलांनी तो आडवा सरकतो, छाती रिसीव्हरच्या समोर ठेवतो आणि वाट पाहतो. हुलींना वेळ लागतो, आणि क्वार्टरबॅककडे साधारण अडीच सेकंदच असतात. रिसीव्हर अखेर धाव घेतो तेव्हा त्यातले एक सेकंद संपलेले असते. मग रेव्हिसचा एक हात त्याच्या कमरेच्या बाजूला टेकतो, ढकलण्यासाठी नव्हे तर तो कधी वळतो हे कळण्यासाठी, आणि तो त्याला हळूहळू सीमारेषेकडे दाबत नेतो. वीस यार्ड गेल्यावर रिसीव्हर आणि रेषा यांच्यात चेंडू टाकायला जागाच उरत नाही. सीमारेषा हा असा बचावपटू आहे की जो कधी दमत नाही, हे वाक्य मी मुलांना इतक्यांदा ऐकवले की शेवटी ती माझीच नक्कल करू लागली.

आता फिल्म पुन्हा मागे घेऊन क्वार्टरबॅकचे हेल्मेट पाहा. पुष्कळ खेळ्यांत ते रेव्हिसच्या बाजूला वळतच नाही. सामन्यानंतरच्या तक्त्यात याची कुठेच नोंद होत नाही, कारण न टाकलेल्या पासला रकाना नाही. प्रश्नकर्त्याला दिसलेली रिकामी ओळ ती हीच.

पण खरी कमाई त्याच्याही मागे आहे. सामान्य संघाला मोठ्या रिसीव्हरवर दोन माणसे लावावी लागतात, समोर कॉर्नरबॅक आणि वर सेफ्टी. रेव्हिसला सेफ्टी लागत नसे, म्हणजे रायन यांच्या हाती अकराऐवजी जणू बारा बचावपटू असत. हा मोकळा माणूस त्यांनी क्वार्टरबॅकवर धाडला. त्या जेट्सकडे एकट्याने क्वार्टरबॅकला लोळवणारा कुणी भयंकर खेळाडू नव्हता, आणि मधला भक्कम खांब असलेला क्रिस जेंकिन्स ऑक्टोबरमध्येच गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला होता. तरीही समोरच्या क्वार्टरबॅकला श्वास घ्यायला वेळ मिळत नसे, कारण दर वेळी एखादा अनपेक्षित माणूस कुठूनतरी येत असे. समालोचक त्या माणसाचे नाव घेत, आणि ते रास्तच होते. मात्र त्याला तिथून सोडणारा चाळीस यार्ड दूर असे.

बाद फेरीत काय झाले ते पाहू. 9 जानेवारी 2010 रोजी सिनसिनाटीत जेट्सने बेंगल्सना 24-14 असे हरवले. चॅड ओचोसिंकोला दोन झेलांत 28 यार्ड मिळाले. आठवडाभर आधी, मोसमाच्या शेवटच्या सामन्यात, रेव्हिससमोर त्याला एकही झेल मिळाला नव्हता. पुढच्या आठवड्यात सॅन दिएगोत 17-14 असा विजय मिळाला, पण तिथे चित्र एवढे स्वच्छ नव्हते. व्हिन्सेंट जॅक्सनने सात झेलांत 111 यार्ड मिळवले. रेव्हिसचे जे इंटरसेप्शन झाले त्यात चेंडू पडलेल्या जॅक्सनच्या पायावरून उडून त्याच्या हातात आला, आणि चार्जर्सच्या नेट केडिंगने लाथेने मारायचे तीन फील्ड गोल चुकवले. असल्या सामन्याचे श्रेय कॉर्नरबॅकला देणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावे.

24 जानेवारीचा इंडियानापोलिसचा सामना मात्र या प्रश्नावरचा अख्खा पाठ आहे. समोर पेटन मॅनिंग आणि त्याचा पहिला रिसीव्हर रेजी वेन. दुसऱ्या क्वार्टरमध्ये जेट्स 17-6 असे पुढे होते. रेव्हिस वेनवर होता आणि वेनला त्या दिवशी तीनच झेल मिळाले, 55 यार्डांचे. केवळ या द्वंद्वाकडे पाहिले तर जेट्स जिंकलेच म्हणायचे. मॅनिंगने मात्र या द्वंद्वात वेळ घालवलाच नाही. मध्यंतराआधी सुमारे दोन मिनिटे उरलेली असताना त्याने ऑस्टिन कॉलीला लागोपाठ तीन पास दिले आणि तिसऱ्यावर टचडाउन झाले, म्हणजे चेंडू गोलरेषेपार गेला. कॉली तिसऱ्या-चौथ्या पसंतीचा, बहुतेक वेळा आतल्या बाजूला, म्हणजे स्लॉटमध्ये, उभा राहणारा नवखा रिसीव्हर. त्याचे दिवसअखेर 123 यार्ड झाले. दुसऱ्या कडेला पिएर गार्सोन होता. त्याने अकरा झेलांत 151 यार्ड मिळवले. मॅनिंगचे एकूण 377 यार्ड आणि तीन टचडाउन. मध्यंतरानंतर जेट्सला एकही गुण मिळाला नाही आणि कोल्ट्स 30-17 असे जिंकले.

या सामन्यात रेव्हिसने आपले काम चोख केले, आणि तरीही संघाचा बचाव उघडा पडला. कारण सांगायला सोपे आहे. रायन यांचा बारावा माणूस ब्लिट्झमध्ये, म्हणजे क्वार्टरबॅकवरच्या जादा चढाईत, जात होता. मॅनिंग स्नॅपच्या आधीच तो ओळखत होता आणि चेंडू इतक्या लवकर सोडत होता की तो माणूस पोहोचेपर्यंत उशीर झालेला असे. म्हणजे रेव्हिसने वाचवलेला माणूस वाया जात होता आणि त्याच वेळी गार्सोन व कॉली यांच्यासमोरचे बचावपटू मदतीविना राहत होते. साखळी मोसमात बहुतेक संघांचे क्वार्टरबॅक एवढे तयार नसतात, आणि तयारीला आठवडाही धड मिळत नाही. बाद फेरीत उरलेले बहुतेक क्वार्टरबॅक तयारच असतात. म्हणूनच मोसमात अभेद्य वाटणारा बचाव जानेवारीत अचानक सामान्य दिसू लागतो. मुख्य कॉर्नरबॅक मात्र तोच आणि तसाच असतो.

जेट्सच्या व्यवस्थापनाने त्या पराभवाचे निदान बरोबर केले, असे मला वाटते. 2010 मध्ये त्यांनी सॅन दिएगोहून अँटोनियो क्रोमार्टी आणला आणि दुसरी कड बंद करायचा प्रयत्न केला. योगायोग असा की 8 जानेवारी 2011 रोजी तेच मैदान, तोच मॅनिंग आणि तोच वेन पुन्हा समोर आले. या वेळी वेनला एक झेल मिळाला, एका यार्डाचा. मॅनिंगचे 225 यार्ड झाले आणि जेट्स 17-16 असे जिंकले. याचे सारे श्रेय दुसऱ्या कॉर्नरबॅकला देण्याचा मोह होतो, पण कॉली आणि डॅलस क्लार्क हे दोघेही दुखापतीमुळे त्या दिवशी खेळत नव्हते, हे विसरून चालणार नाही. शिवाय गार्सोनने 57 यार्डांचा टचडाउन केला तो क्रोमार्टीलाच चकवून. क्रोमार्टीने परतफेड केली ती बचावात नव्हे. शेवटच्या मिनिटात किकऑफ 47 यार्ड परत आणून त्याने विजयी फील्ड गोलची वाट मोकळी केली.

त्यानंतरच्या आठवड्याचा सामना मला सर्वांत जास्त आवडतो. न्यू इंग्लंडने त्या मोसमात चौदा सामने जिंकले होते आणि डिसेंबरच्या सुरुवातीला जेट्सना 45-3 असे धुऊन काढले होते. टॉम ब्रेडीचे मोसमात 36 टचडाउन आणि फक्त चार इंटरसेप्शन होते. 16 जानेवारीला रायन यांनी आपला स्वभाव बाजूला ठेवला. ब्लिट्झ कमी केले आणि वाचलेला माणूस पुढे न पाठवता मागे ठेवला, पासच्या वाटांवर बचावपटूंची दाटी केली. त्यामुळे ब्रेडी चेंडू हातात धरून उभा राहिला, त्याला नजर टाकायला जागा मिळेना, आणि तो पाच वेळा सॅक झाला, म्हणजे पास टाकण्याआधीच पाडला गेला. आम्ही याला कव्हरेज सॅक म्हणतो. नोंद पुढच्या फळीच्या नावावर होते, मेहनत मागच्या फळीची असते. जेट्स 28-21 असे जिंकले. रेव्हिस दोन्ही वर्षी तसाच खेळला. बदलला तो त्याने मोकळ्या केलेल्या माणसाचा उपयोग. प्रशिक्षक म्हणून मला यातून पुष्कळ शिकता आले. त्याआधी आमच्या शाळेच्या एका महत्त्वाच्या सामन्यात मी सर्वोत्तम मुलाला समोरच्या सर्वोत्तम मुलावर लावून निर्धास्त झालो होतो आणि स्लॉटमधल्या एका किरकोळ पोराने आमची रया घालवली होती. चूक माझीच होती.

पुढच्या आठवड्यात पिट्सबर्गने वेगळाच मार्ग धरला. त्यांनी चेंडू हवेत टाकण्याऐवजी रशार्ड मेंडनहॉलच्या हाती दिला. त्याने 121 यार्ड धावून काढले, मध्यंतराला स्टीलर्स 24-3 असे पुढे होते आणि अखेर 24-19 असे जिंकले. बेन रॉथलिसबर्गरचे पासचे यार्ड जेमतेम 133 होते. मैदानाच्या मधल्या भागातून धावणाऱ्या माणसाला कडेचा कॉर्नरबॅक फार तर शेवटी पकडू शकतो. अलीकडे हेच डेन्व्हरच्या पॅट्रिक सर्टेनच्या बाबतीत दिसले. 2024 च्या मोसमात तो लीगमधला सर्वोत्तम बचावपटू ठरला, आणि बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात बफलोने ब्रॉंकोजना दोनशेहून अधिक यार्ड धावून 31-7 असे हरवले. त्या पराभवाचे खापर कुणी सर्टेनवर फोडले असेल, तर त्याला हा खेळ कळलेला नाही.

सगळेच संघ रेव्हिससारखा पाठलाग करायला लावत नाहीत, हेही सांगायला हवे. सिअ‍ॅटलचा रिचर्ड शर्मन, 2011 मध्ये पाचव्या फेरीत निवडलेला, मुख्यतः डावीच कड सांभाळत असे. समोर कोण आहे हे तो पाहत नसे. याचा तोटा उघड आहे, कारण प्रतिस्पर्धी आपला मोठा रिसीव्हर दुसऱ्या कडेला उभा करू शकतो. 2014 च्या सलामीच्या सामन्यात ग्रीन बेच्या अ‍ॅरन रॉजर्सने शर्मनच्या बाजूला एकही पास टाकला नाही. पण मैदानाचा एक तृतीयांश भाग असा आपोआप बंद झाला की उरलेल्या सात-आठ जणांना चेंडू कुठून येणार याचा अंदाज बांधता येतो, आणि मध्ये अर्ल थॉमससारखा सेफ्टी असेल तर तो अंदाज जीवघेणा ठरतो. 19 जानेवारी 2014 च्या सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉलिन केपर्निकने शेवटच्या अर्ध्या मिनिटात शर्मनच्या कोपऱ्यात पास टाकलाच. शर्मनने उडी मारून चेंडू थोपटला, तो लाइनबॅकर माल्कम स्मिथच्या हातात पडला आणि सीहॉक्स 23-17 असे जिंकले. त्यातही इंटरसेप्शन स्मिथच्या नावावर आहे, हे तक्त्यांवर विश्वास ठेवणाऱ्यांनी पाहून ठेवावे.

रेव्हिसचा सर्वांत शहाणपणाने उपयोग केला तो मात्र बिल बेलिचिक यांनी. 2014 मध्ये न्यू इंग्लंडने त्याला सुमारे एक कोटी वीस लाख डॉलरवर आणले आणि सोबत सिअ‍ॅटलचाच उंचापुरा ब्रँडन ब्राउनर घेतला. इंडियानापोलिसविरुद्ध सगळ्यांची अपेक्षा होती की रेव्हिस वेगवान टी. वाय. हिल्टनवर जाईल. बेलिचिक यांनी हिल्टनवर काइल अ‍ॅरिंग्टनला लावले आणि वर सेफ्टी ठेवला. रेव्हिसला दुसऱ्या रिसीव्हरवर एकटे सोडले. हिशेब साधा आहे. पहिल्या क्रमांकाच्या रिसीव्हरवर दीड माणूस आणि दुसऱ्यावर रेव्हिस, म्हणजे दोघेही बंद. रेव्हिसला पहिल्यावर लावले असते तर दुसरा अ‍ॅरिंग्टनच्या वाट्याला आला असता, आणि तो सेफ्टीविना. 18 जानेवारी 2015 च्या सामन्यात हिल्टनला एक झेल मिळाला, रेव्हिसने अँड्र्यू लकचा एक पास पकडला आणि निकाल 45-7 असा लागला. आठवडाभर आधी याच बचावाविरुद्ध बॉल्टिमोरच्या जो फ्लॅकोने चार टचडाउन पास दिले होते, हेही खरे आहे. थोर कॉर्नरबॅक असला म्हणजे दर आठवड्याला कुलूप लागते असे नाही.

1 फेब्रुवारी 2015 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे सिअ‍ॅटलविरुद्धच्या अंतिम सामन्यात, या विषयाचे सगळे धागे एकत्र आले. रेव्हिसच्या अंगावर एक टचडाउन झाला, डग बाल्डविनचा, ज्यात पंचच त्याच्या वाटेत आला होता. खरे नुकसान दुसरीकडे होत होते. मोसमात एकही झेल न घेतलेला ख्रिस मॅथ्यूज त्या दिवशी चार झेलांत 109 यार्ड घेऊन गेला. त्याने अ‍ॅरिंग्टनवरून 44 यार्डांचा झेल घेतला. पुढे उत्तरार्धात बेलिचिक यांनी अ‍ॅरिंग्टनला बसवले, ब्राउनरला मॅथ्यूजवर नेले आणि ड्राफ्टमध्ये कुणीही न निवडलेला, वेस्ट अलाबामा विद्यापीठातून आलेला माल्कम बटलर मैदानात उतरवला. त्यानंतर मॅथ्यूजचा धडाका थांबला.

शेवटची वीस-पंचवीस सेकंद उरली असताना सिअ‍ॅटल गोलरेषेपासून एका यार्डावर होते. न्यू इंग्लंडने तीन कॉर्नरबॅक आणले. रेव्हिस मैदानाच्या एका बाजूला होता. रसेल विल्सनने तिकडे पाहिले नाही. दुसऱ्या बाजूला ब्राउनरने जर्मेन कर्सीला जागच्या जागी रोखून धरले, त्यामुळे मागून येणाऱ्या बटलरची वाट अडली नाही, आणि सरावात याच खेळीवर फसलेल्या बटलरने रिकार्डो लॉकेटच्या आधी चेंडू गाठून पकडला.